मुलांचे मैदान आणि आपले कर्तव्य

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



बक्षीस-समारंभापूर्वी मी चार शब्द बोलावे, अशी आज्ञा चिटणीस महाशयांनी केली, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. मी नामांकित खेळाडू नव्हे, की क्रीडाशिक्षकही नव्हे. उपनगरातील एका शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांस गणित आणि मराठी शिकविण्यात माझी सारी नोकरी गेली. मैदानाशी माझा संबंध एवढाच की, वर्गाच्या खिडकीतून ते दिसत असे. खरे सांगावयाचे तर, गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की खेळाचा तास मागून घेणाऱ्या शिक्षकांत माझे नाव पहिले असे. असा मनुष्य खेळाविषयी काय बोलणार? परंतु ज्याच्या हातून चूक घडली त्यानेच ती सांगितलेली बरी, असा विचार करून मी आपणांपुढे उभा राहिलो आहे.

समोरच्या टेबलाकडे आपण कृपा करून पाहावे. त्याच्या एका बाजूस दहावी-बारावीत उत्तम गुण मिळविलेल्या मुलामुलींची प्रशस्तिपत्रे आहेत. दुसऱ्या बाजूस आपल्या ज्ञातीच्या क्रिकेट स्पर्धेचे करंडक आहेत. त्यांतला मोठा करंडक तर पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीचा आहे. दोन्हींचे मला कौतुक आहे. पण जे मूल वर्षाचे तीनशे दिवस सकाळी उठून मैदानावर जाते, कबड्डी खेळते, खो-खो खेळते, मल्लखांबावर चढते, पोहते, धावते, त्या मुलासाठी या टेबलावर काय आहे? गुणपत्रिकेत त्याची टक्केवारी बेताची असेल, म्हणून तो पहिल्या बाजूस नाही. एका रविवारच्या स्पर्धेत मोठ्या माणसांच्या संघांतून तो खेळत नाही, म्हणून तो दुसऱ्या बाजूसही नाही. आज मला बोलावयाचे आहे ते या मधल्या मोकळ्या जागेविषयी.

आपण सारे उपनगरवासी. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आज मुंबईची भरवस्ती झालेली असली, तरी मुंबईच्या महापालिकेत ही गावे उशिरा आली. १९५० साली महापालिकेची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आली आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंत. १९९० साली उपनगरांचा स्वतंत्र जिल्हा झाला. आपल्या वाडवडिलांपैकी पुष्कळ जण गिरगाव, परळ, लालबागच्या चाळी सोडून इकडे आले, ते थोडी मोकळी हवा आणि मुलांस खेळावयास थोडी जागा मिळावी म्हणून. चाळीत राहणाऱ्यांनी हुतुतूची हौस आपल्याबरोबर आणली. गिरणगावात गल्लीगल्लीतून जे संघ उभे राहिले होते, त्यांचेच वळण उपनगरांतील मंडळांनी गिरविले. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले, तरी कबड्डी थांबली नाही. राज्याच्या स्पर्धेत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर यांचे संघ निरनिराळे उतरतात, ही गोष्ट आपल्या मुलांसही ठाऊक असावी.

मोकळी हवा किती उरली, ते आपण जाणताच. तरीही जागा मुळीच नाही असे म्हणणे रास्त होणार नाही. अंधेरीस महापालिकेचे शहाजी राजे भोसले क्रीडासंकुल १९८८ पासून आहे. तेथील फुटबॉलच्या मैदानावर २०२२ साली आशियातील स्त्रियांच्या फुटबॉल स्पर्धेचे सामने झाले. मुलुंडला प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडासंकुल आहे, कांदिवलीस भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. गोरेगावात १९७२ साली स्थापन झालेली ‘प्रबोधन’ ही संस्था आंतरशालेय क्रीडा महोत्सव भरवीत आली आहे. शिवाय २०१४ च्या जूनपासून घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो धावू लागल्यामुळे घाटकोपरच्या मुलास अंधेरीस जाण्यासाठी दादरपर्यंत उलटा हेलपाटा घालण्याची किंवा बसमध्ये तास घालविण्याची गरज उरलेली नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शाळेस मैदान असावे असे सांगितले आहे. कायद्यात लिहिलेले सर्वच जमिनीवर दिसते असे नाही. परंतु पालकांनी विचारावयाचे ठरविले, तर विचारण्यास आधार आहे.

जागेचा विषय निघालाच आहे, तर मला माझा गणिताचा तास घेऊ द्या. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद असते, म्हणजे १३० चौरस मीटर. स्त्रियांचे बारा मीटर लांब व आठ मीटर रुंद, म्हणजे ९६ चौरस मीटर. आता क्रिकेटसाठी साठ यार्डांची, म्हणजे सुमारे पंचावन्न मीटर त्रिज्येची जागा धरा. तिचे क्षेत्रफळ साडेनऊ हजार चौरस मीटरच्या आसपास येते. एका क्रिकेटच्या मैदानाच्या जागेत कबड्डीची सुमारे सत्तर मैदाने मावतील! मी क्रिकेटचा द्वेष्टा नव्हे. सामना चालू असला की माझ्याही हातातले वर्तमानपत्र खाली राहते. परंतु ज्या उपनगरात शाळेचे पटांगण म्हणजे दोन इमारतींमधील चौक, तेथे प्रत्येक मुलास क्रिकेटपटू करावयाचे स्वप्न पाहणे आणि चौकात मावणारा आपला खेळ विसरणे, हा हिशेब मला तरी बरोबर वाटत नाही.

हे आपले खेळ काही कमी प्रतीचे नव्हेत. खो-खोस नियमांची शिस्त लावण्याचे काम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने हाती घेतले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगास दाखविले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा भरली, तेव्हा भारताचे पुरुष व स्त्रिया असे दोन्ही संघ विजयी झाले. त्या दोन्ही संघांचे नेतृत्व आपल्या महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते, पुरुषांचे प्रतीक वाईकरकडे आणि स्त्रियांचे प्रियांका इंगळेकडे. ज्या खेळास आपण ‘शाळेतला खेळ’ म्हणून हसून सोडून देत होतो, तो तेथवर गेला.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. मूल गुणी असते, खेळाची आवड असते, मैदानही कोठेतरी असते. मग गाडी अडते कोठे? याचे उत्तर शोधताना मी सर्वांस ठाऊक असलेल्या काही खेळाडूंची बालपणे डोळ्यांपुढे आणली.

पहिले उदाहरण आपल्या बोरिवलीचेच आहे. रोहित शर्मा हा मुलगा आजोबा-आजी व काका यांच्याजवळ बोरिवलीस राही. आईवडील डोंबिवलीस एका खोलीत राहत. तो शनिवार-रविवारी त्यांस भेटावयास जाई. १९९९ साली उन्हाळी शिबिरात तो खेळावयास आला, तेव्हा प्रामुख्याने फिरकी गोलंदाजी करीत असे. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला पाहिले व आमच्या शाळेत ये म्हणून सांगितले. त्या शाळेचे शुल्क होते महिना २७५ रुपये. घरच्यांस ते झेपण्यासारखे नव्हते. लाड सरांनी शाळेकडे शब्द टाकून ते माफ करविले आणि पुढे चार वर्षे त्या मुलास काही भरावे लागले नाही. मग सरांनी त्याची फलंदाजी पाहून त्याला खालच्या क्रमांकावरून सलामीस आणले. त्यानंतरची कथा मी सांगावयास नको. २०२४ साली विश्वचषक हाती घेतलेल्या भारतीय कर्णधारास आपण सर्वांनी दूरदर्शन संचावर पाहिले आहे. मला त्या चित्रापेक्षा २७५ रुपयांचा आकडा अधिक आठवतो. तेवढ्या रकमेपाशी ही गाडी अडली असती.

दुसरे उदाहरण शार्दूल ठाकूर याचे. हा पालघरकडचा मुलगा. बोईसरच्या शाळेकडून खेळताना याच लाड सरांनी त्यास हेरले. शुल्काचा प्रश्न सुटण्यासारखा होता. पण रोज पालघरहून येजा कशी करावयाची? तेव्हा सरांनी त्याला आपल्या बोरिवलीच्या घरी ठेवून घेतले. शालेय हॅरिस शील्ड स्पर्धेत त्याने एका षटकाच्या सहाही चेंडूंवर षटकार मारले, आणि २०२१ च्या जानेवारीत ब्रिस्बेनच्या कसोटीत सात बळी घेऊन शिवाय पहिल्या डावात ६७ धावा काढल्या. या कर्तृत्वाचा पाया एका शिक्षकाच्या लहानशा घरातील एका अंथरुणावर घातला गेला, हे विसरता येत नाही. त्या घरातील माउलीने रोज एक ताट अधिक वाढले असेल, तिचे नाव कोणत्याही धावफलकावर लागलेले नाही.

तिसरे उदाहरण सचिन तेंडुलकरचे. रमाकांत आचरेकर सरांच्या सांगण्यावरून त्याने वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात प्रवेश घेतला. वांद्र्याहून शिवाजी पार्कला बसने येजा करण्यात मुलाची शक्ती जाते, हे पाहून तो शिवाजी पार्कजवळ आपल्या काका-काकूंच्या घरी राहू लागला. १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये विनोद कांबळीसह त्याने ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, ती आपण सर्व जाणतो. त्यामागे मैदानाजवळ राहणाऱ्या एका नातलगाचे घर होते, हे मात्र कोणी फारसे बोलत नाही.

आणि क्रिकेटच्या बाहेर पाहावयाचे, तर कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनी मिळवून दिले. त्यांना तेथे पाठविण्यास पैसा कमी पडला, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात.

बांधवांनो, या चारही कथा शेजारी ठेवून पाहा. कोणी शुल्काची सोय केली, कोणी राहण्याची, कोणी प्रवासाची. गुण त्या मुलांचे स्वतःचे होते. ते आपण देऊ शकत नाही. परंतु शुल्क, घर आणि सोबत या तीन गोष्टी देता येण्यासारख्या आहेत. आणि मनात असा विचार येतो की, ज्ञातिसंघ स्थापन झाले ते तरी कशासाठी? गावाहून आलेल्या तरुणास मुंबईत डोके टेकावयास जागा मिळावी, गरीब मुलास पुस्तके मिळावी, अडल्यानडल्यास कोणी आपले असावे, यासाठीच ना? खेळाडू मुलास जे लागते, नेमके तेच देण्याची आपल्या संघाची जुनी सवय आहे. फक्त ते खेळाडू मुलासही द्यावयाचे असते, हे आपल्या ध्यानात आले नाही.

ज्यांना वेळेवर हात मिळाला त्यांच्या या कथा झाल्या. आता, ज्या मुलीस माझ्यामुळे तो मिळाला नाही, तिची हकीकत सांगतो. तिचे नाव अर्थातच सांगणार नाही.

ती माझ्या सातवीच्या वर्गात होती. अंगाने किरकोळ, अभ्यासात मध्यम. पण खो-खोच्या पाटीवर उतरली की ती निराळीच मुलगी होई. खांबाजवळ वळताना तिचा हात खांबास लागला न लागला तोच ती दुसऱ्या बाजूस गेलेली असे. नववीत असताना ती जिल्ह्याच्या संघात निवडली गेली. पुढल्या वर्षी दहावी. तिचे वडील एका सायंकाळी माझ्याकडे आले. सज्जन, कष्टाळू गृहस्थ. ‘मास्तर, तुम्ही तिला शिकविले आहे. खेळाचे सर म्हणतात, चालू ठेवा. घरात सर्व म्हणतात, बंद करा. तुम्ही सांगाल ते करतो,’ असे ते म्हणाले.

मी क्षणभरही विचार केला नाही. मी म्हणालो, ‘एक वर्ष बंद ठेवा. दहावी झाली की पुन्हा खेळेल. एका वर्षाने काय बिघडते?’

त्यांनी माझा शब्द मानला. मुलगी दहावीस चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. मला पेढे मिळाले आणि आपण योग्य सल्ला दिला असे समाधानही वाटले.

निवृत्त झाल्यानंतर एकदा घाटकोपर स्थानकाच्या पुलावर एका बाईने मला थांबवून वाकून नमस्कार केला. तीच मुलगी. लग्न झालेले, नोकरी करणारी, बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. क्षेमकुशल झाले. मी सहज विचारले, ‘पुढे खो-खो खेळलीस की नाही?’ ती हसली. म्हणाली, ‘नाही सर. तुम्ही एक वर्ष म्हणाला होतात. दहावी झाल्यावर परत गेले, तोवर माझ्या जागी दुसरी मुलगी आली होती, पायही पूर्वीसारखे चालेनात. मग बारावी आली. मग राहूनच गेले.’ तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तशी असती तर मला बरे वाटले असते. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, ‘हिला मात्र मी थांबविणार नाही.’

त्या दिवशी पुलाच्या कठड्याशी मी बराच वेळ उभा राहिलो. मी गणिताचा शिक्षक. पण मुलाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षातले एक वर्ष हे चाळिशीतल्या एका वर्षाइतकेच असते, असा चुकीचा हिशेब मी मांडला होता. शिवाय तिने खेळाचे ते दोन तास अभ्यासास दिले म्हणूनच गुण मिळाले, असे तरी मी कशावरून म्हणावे? सकाळचा एक तास मैदानावर घालविणारे मूल दिवसाच्या उरलेल्या तासांची किंमत अधिक ओळखते, हे मी वर्गात अनेकदा पाहिले होते. पाहिले होते, पण त्या सायंकाळी आठवले नाही.

काही पालक विचारतात, ‘खेळून पुढे काय मिळणार?’ व्यवहाराचा प्रश्न आहे, त्याचे व्यवहारी उत्तरही आहे. विविध स्पर्धांतून प्रावीण्य दाखविणाऱ्या विद्यार्थ्यांस दहावी-बारावीस सवलतीचे क्रीडागुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी शेकडा पाच जागा राखीव आहेत. रेल्वे, बँका, तेलकंपन्या यांनी कबड्डी व खो-खोच्या कितीतरी खेळाडूंस नोकऱ्या दिल्या. परंतु मी आपणांस फसवू इच्छीत नाही. मैदानावर जाणाऱ्या शंभर मुलांतील बहुतेकांस यांपैकी काहीही मिळणार नाही. त्यांना मिळेल ते एवढेच: हरल्यावर समोरच्याच्या हातात हात देण्याची सवय, आपल्या पाळीची वाट पाहण्याचा संयम, आणि साठाव्या वर्षीही जिना चढू शकणारे शरीर. माझे गुडघे पाहता, हे शेवटचे मिळणे काही थोडे नव्हे.

आता एका नाजूक गोष्टीस हात घालतो; आपण उदार मनाने ऐकून घ्यावे. आपल्या संघाची स्पर्धा केवळ ज्ञातिबांधवांसाठी आहे. वर्षातून एकदा एकत्र यावे, ओळखी व्हाव्या, हा तिचा हेतू स्तुत्य आहे. पण मुलांचा रोजचा खेळ असा ज्ञातीच्या कुंपणात चालू शकेल काय? मुलुंडच्या एका वसाहतीत आपली पाच घरे, अंधेरीच्या एका रस्त्यावर तीन. कबड्डीच्या एका संघास सात खेळाडू लागतात, आणि समोर आणखी सात. तेवढी आपल्या ज्ञातीची मुले एका मैदानावर रोज कोठून आणणार?

आणि हा केवळ संख्येचाही प्रश्न नव्हे. मुंबईच्या क्रिकेटने हा धडा पूर्वी गिरविला आहे. एके काळी येथे हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन अशा धर्मवार संघांचे सामने होत. त्याच काळात पळवणकर बाळू नावाचा थोर गोलंदाज होऊन गेला. चर्मकार समाजात जन्मलेल्या या खेळाडूने १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. त्याच्या गोलंदाजीवर संघ जिंकत. पण त्याच संघांतील लोक चहाच्या वेळी त्याला वेगळ्या मातीच्या भांड्यातून मंडपाबाहेर चहा देत. योग्यता असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याच्या वाट्यास आले नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या बंधूस, विठ्ठल यास मिळाले. पुढे धर्मवार सामने १९४६ नंतर बंद झाले. तेव्हा पुष्कळांस वाटले असेल की, आता क्रिकेटची रया गेली. प्रत्यक्षात काय झाले? १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत ओळीने पंधरा वर्षे मुंबईने रणजी करंडक जिंकला. सर्वांसाठी खुले झाल्याने मुंबईच्या क्रिकेटचे काही नुकसान झाले नाही.

तेव्हा माझे नम्र मत असे की, संमेलन ज्ञातीचे असावे, पण मैदान सर्वांचे असावे. आपल्या मुलाचा संघ पुरा होण्यास शेजारच्या बिऱ्हाडातील मुलगा लागतो. मग त्यासाठी विकत घेतलेल्या बुटांच्या जोडांत त्या मुलाचाही एक जोड असावा. ज्या लाड सरांची, आचरेकर सरांची उदाहरणे मी दिली, त्यांनी मुलास बोलावताना चेंडू पाहिला, आडनाव नव्हे.

आता थोडक्यात माझ्या सूचना कार्यकारी मंडळापुढे ठेवतो.

पहिली. पुढील वर्षीपासून या गुणगौरवात खेळाडू मुलामुलींचाही सत्कार व्हावा. जिंकलेल्यांचाच नव्हे, तर वर्षभर नियमाने सराव करणाऱ्यांचाही. त्यासाठी त्यांच्या क्रीडाशिक्षकांचा दाखला पुरेसा मानावा. त्या शिक्षकांसही नारळ व शाल देऊन येथे बोलवावे. शाळा सुटल्याची घंटा झाल्यावर मैदानावर थांबणारा शिक्षक हा फार दुर्मीळ प्राणी आहे.

दुसरी. करंडकांची उंची निम्म्याने कमी करावी. उरलेल्या पैशातून एक लहानसा क्रीडानिधी काढावा आणि त्यातून बूट, प्रवेशशुल्क, रेल्वेचा पास एवढाच खर्च द्यावा. मोठी रक्कम नको. २७५ रुपयांपाशी कोणाची गाडी अडू नये, एवढे पाहावे.

तिसरी. ज्यांची घरे मैदानाजवळ आहेत अशा सभासदांची यादी चिटणिसांनी करावी. पहाटेच्या सामन्यासाठी वसई-पालघरकडून किंवा कल्याणपलीकडून येणाऱ्या मुलास आदल्या रात्री राहावयास एक जागा आणि सकाळी पोटभर पोहे, एवढे आतिथ्य आपल्या घरांत अजून शिल्लक आहे, अशी माझी खात्री आहे.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची, ती मुलींसंबंधी. मुलगा दहावीत खेळ सोडतो, तो पुष्कळदा गल्लीत पुन्हा धरतो. मुलीला गल्ली नसते. तिचा खेळ एकदा सुटला की सुटतोच. म्हणून ‘दहावीतही एक तास मैदान’ असा संकल्प संघातील पालकांनी आपल्या मुलींच्या बाबतीत तरी करावा. सायंकाळी उशीर होतो ही अडचण खरी आहे. त्यासाठी सोबत देणाऱ्या वडीलधाऱ्यांची पाळी लावता येईल. निवृत्त माणसांस संध्याकाळी दुसरे काम तरी काय असते?

या शेवटच्या कामासाठी मी माझे नाव आजच देतो. मला धावता येत नाही, शिट्टी वाजविण्याचाही अधिकार नाही. पण ज्येष्ठ नागरिकाच्या डब्यातून का होईना, मुलांबरोबर आझाद मैदानापर्यंत जाणे, त्यांच्या पिशव्यांवर लक्ष ठेवून बसणे आणि काळोख पडण्यापूर्वी त्यांना सुखरूप घरी पोचविणे, एवढे मला निश्चित जमेल. आपल्यापैकी आणखी चार-पाच जणांनी हात वर केला, तर आठवड्याचे सर्व दिवस भरतील.

पुलावर भेटलेल्या त्या माझ्या विद्यार्थिनीची लहान मुलगी आता कोठेतरी खेळत असेल. काही वर्षांनी तीही दहावीत जाईल. तेव्हा तिचे वडील कोणा मास्तरास विचारावयास गेले, तर त्या मास्तराने मी दिले ते उत्तर देऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

आज ज्यांना बक्षिसे मिळावयाची आहेत त्या सर्व मुलामुलींस माझे मनःपूर्वक आशीर्वाद.

जय महाराष्ट्र.